मोटारीचा परकायाप्रवेश

आद्य शंकराचार्यांच्या चरित्रांत अमरुक राजाची कथा येते, ती आपणांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकली असेल. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीनें घातलेल्या प्रश्नांचीं उत्तरें मिळविण्याकरितां आचार्यांनीं आपला देह शिष्यांच्या स्वाधीन केला आणि मृत राजाच्या देहांत प्रवेश केला. राजवाड्यांतील मंडळींस देह राजाचाच दिसे, परंतु वागणें निराळें वाटे. ह्या कथेंत शिष्यांच्या कामाकडे सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. सोडून दिलेला देह जतन करून ठेवणें, हें तें काम होय. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो अध्यात्माचा नसून लोखंडाचा आहे. तथापि त्यांतही एक देह आहे, एक प्राण आहे, आणि देह व प्राण ह्यांची ताटातूट करून नवा प्राण घालण्याची क्रिया आहे. जुन्या मोटारीचें इंजिन काढून तिच्यांत दुसरें इंजिन बसविणें, आणि तेंही कारखान्यांत नव्हे तर घरच्या अंगणांत, ह्या उद्योगाचा इतिहास मीं आज सांगण्याचें योजिलें आहे.

इंजिन बदललेली गाडी ती बाटलेली गाडी, असें जुन्या मोटारींचे शौकीन मोठ्या आवेशानें म्हणतात. विशेषतः जिला इंग्रजींत स्पोर्ट्स मोटार म्हणतात त्या ठेंगण्या, दोन माणसांच्या, वेगाकरितांच घडविलेल्या गाडीविषयीं हा सोवळेपणा फार कडक असतो. परंतु ह्या जातीच्या मोटारींची वंशावळ थोडी चाळून पाहिली, तर असें दिसून येतें कीं तिचा जन्मच मुळीं ह्या तथाकथित बाटण्यांतून झालेला आहे.

इंग्लंडांत ऑक्सफर्ड शहरीं विल्यम मॉरिस नांवाच्या गृहस्थाचा मोटारींचा कारखाना होता, आणि गाड्या विकण्याची व दुरुस्तीची त्याची पेढी 'मॉरिस गॅरेजेस' ह्या नांवानें चाले. ह्या पेढीचा कारभार १९२२ सालीं सेसिल किंबर ह्या तरुणाकडे आला. मॉरिसच्या गाड्या संसारी माणसाच्या, भरंवशाच्या पण मंद होत्या. किंबरनें त्याच गाड्यांचे सांगाडे घेतले, त्यांवरील जड अंग टाकून दिलें, हलकें व देखणें अंग चढविलें आणि यंत्रांत आपल्या कल्पनेप्रमाणें फेरफार केले. मॉरिस गॅरेजेस ह्या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून १९२४ च्या सुमारास 'एम. जी.' हें नांव प्रसिद्धीस आलें. पुढें १९२९ पासून १९८० पर्यंत ॲबिंग्डन येथें ह्या गाड्या तयार होत. वेगवान मोटारींना आयुष्य वाहिलेल्या ह्या किंबरचा अंत १९४५ सालीं लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातांत झाला, हा दैवाचा एक चमत्कारिक खेळ म्हणावयाचा. एम. जी. हें नांव आज चिनी मालकीचें असून त्या नांवाच्या मोटारी गुजरातेंत हालोल येथें २०१९ पासून तयार होत आहेत. परंतु त्यांचा आपल्या कथेशीं नांवापलीकडे संबंध नाहीं.

आपला संबंध आहे तो ह्या घराण्यांतील एका विशिष्ट गाडीशीं. तिचें नांव एम. जी. ए. १९५५ च्या जून महिन्यांत फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत तिचे तीन नमुने धांवले, सप्टेंबरांत ती बाजारांत आली, आणि १९६२ पर्यंत अशा एक लाखाहून अधिक गाड्या निघाल्या. तिचें अंग पोलादी पत्र्याचें. दारें, बॉनेट आणि मागील झांकण मात्र ॲल्युमिनियमचें. पायाखालील तळ प्लायवुडच्या फळ्यांचा. असें हें रूप दिसावयास अत्यंत डौलदार. आणि ह्या डौलाच्या पोटांत इंजिन कोणतें? तर ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ह्या संयुक्त कंपनीचें 'बी' मालिकेचें, चार सिलिंडरांचें, १४८९ घनसेंटिमीटर क्षमतेचें ओतीव लोखंडी इंजिन. तें एम. जी. ए. करितां मुद्दाम घडविलेलें नव्हतें. ह्या मालिकेचा आरंभ १९४७ सालीं ऑस्टिनच्या एका साध्या गाडीपासून झाला होता, आणि पुढें तेंच इंजिन मॉरिस ऑक्सफर्ड नांवाच्या मध्यम वर्गाच्या गाडींतही बसविलें जात असे.

मॉरिस ऑक्सफर्ड हें नांव उच्चारल्याबरोबर चतुर श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं आतां आपण हिंदुस्थानांत येऊन पोहोंचलों. बिर्ला घराण्यानें १९४२ सालीं स्थापन केलेल्या हिंदुस्थान मोटर्स कंपनीनें कलकत्त्याजवळ उत्तरपाडा येथें ह्याच ऑक्सफर्डच्या तिसऱ्या आवृत्तीवरून आपली ॲम्बॅसॅडर काढली. आरंभीं ह्या गाडींत बाजूला झडपा असलेलें १४७६ घनसेंटिमीटरचें जुनें इंजिन होतें. १९५९ सालीं तें काढून वर झडपा असलेलें 'बी' मालिकेचें १४८९ चें इंजिन बसविण्यांत आलें. म्हणजे ज्या ॲम्बॅसॅडरमधून आपले मंत्री, मामलेदार, डॉक्टर आणि लग्नाचीं वऱ्हाडें फिरलीं, तिचें इंजिन व ल मांच्या शर्यतींत धांवलेल्या त्या घराण्याच्या नाजूक गाडीचें इंजिन हीं सख्खीं भावंडें होत. सिलिंडरचा व्यास तोच, दट्ट्याची धांव तीच. एकास दोन कार्बोरेटर, अधिक दाब आणि शर्यतीचें शिक्षण मिळालें, म्हणून तें आरंभीं ६८ व नंतर ७२ अश्वशक्ति देऊं लागलें. दुसऱ्यास एकच कार्बोरेटर, हलक्या पेट्रोलवर चालावें म्हणून कमी दाब आणि पाठीवर सहा माणसें व त्यांचें सामान, म्हणून तें सुमारें ५० वर थांबलें. एकाच आईचीं दोन मुलें, एक मुंबईस शिकावयास गेलें आणि एक शेतावर राहिलें, तर त्यांच्यांत जितका फरक पडेल तितकाच हा.

आतां ह्या भावंडांची गांठ आपल्या कोंकणांत कां पडावी, हें समजण्यासाठीं थोडी राजकीय व आर्थिक पार्श्वभूमि सांगितली पाहिजे. जनरल मोटर्स ह्या अमेरिकन कंपनीनें मुंबईस शिवडी येथें १९२८ सालीं मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला होता. स्वातंत्र्यानंतर, १९५३ सालीं, ज्यांचा सुटे भाग येथेंच बनविण्याचा कार्यक्रम नसेल त्यांनीं नुसती जुळणी करूं नये असें सरकारचें धोरण ठरलें आणि जनरल मोटर्स व फोर्ड ह्या दोन्ही कंपन्यांनीं आपलें येथील काम आवरलें. परदेशी गाड्यांच्या आयातीवरही कडक निर्बंध आले. हें धोरण चूक कीं बरोबर हा वाद मी येथें घालीत नाहीं. देशांत कारखाने उभे राहिले ते बव्हंशीं ह्यामुळेंच. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला कीं तत्पूर्वीं किंवा विशेष परवान्यानें देशांत आलेल्या हजारों परदेशी मोटारी पोरक्या झाल्या. दट्ट्याचें एक कडें तुटलें तर तें इंग्लंडहून मागविणें सामान्य माणसाच्या आंवाक्याबाहेर गेलें.

गोव्याची स्थिति ह्याहून निराळी होती. पोर्तुगीज अमलांत तेथें परदेशी माल मोकळेपणीं येत असे आणि मोटारीही येत. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि तेथील परदेशी गाड्याही सुट्या भागांच्या बाबतींत आपल्याच पंक्तीस येऊन बसल्या. मुंबई आणि गोवा ह्यांना जोडणारा रस्ता, जो पूर्वीं १७ क्रमांकाचा महामार्ग होता व आतां ६६ क्रमांकाचा झाला आहे, तो पनवेल सोडल्यावर कर्नाळ्याची खिंड ओलांडून पेणवरून जातो. रोहें त्या रस्त्यापासून आंत, कुंडलिकेच्या कांठीं वसलेलें आहे. साहजिकच ह्या रस्त्यावर मिस्त्रीलोकांची एक परंपरा निर्माण झाली. त्यांच्यापैकीं पुष्कळांना इंग्रजी वाचतां येत नव्हतें, कंपनीचीं पुस्तकें त्यांनीं पाहिलीं नव्हतीं. परंतु कोणत्या गाडीच्या पोटांत कोणतें इंजिन मावेल, ह्याचें गणित त्यांना तोंडपाठ असे. कुर्ल्याच्या भंगारबाजारांतून इंजिन आणावें, टेम्पोंत घालून कोंकणांत न्यावें आणि दोन दिवसांत जुन्या देहांत बसवावें. मेलेली गाडी पुन्हा उठून चालूं लागे. शुद्धीचा प्रश्न त्या काळीं कोणी काढला नाहीं, कारण पर्याय शुद्ध गाडी हा नसून गंजलेली गाडी हा होता.

१९७३ च्या अखेरीस अरब राष्ट्रांनीं तेलाचा पुरवठा आंवळला, जगांत तेलाचे भाव चौपट झाले, आणि ह्या उद्योगास दुसरें कारण मिळालें. पेट्रोलचें इंजिन काढून डिझेलचें घालण्याची लाट आली. जीपगाड्यांत मॅटॅडोरचीं इंजिनें दिसूं लागलीं. स्वतः कारखानदारही हेंच करीत होते, फक्त त्यांच्या कृतीस नवा नमुना असें भारदस्त नांव असे. महिंद्रांच्या जीपमध्यें फ्रेंच प्यूजो कंपनीच्या आराखड्याचें डिझेल इंजिन आलें. वालचंद हिराचंद ह्यांनीं स्थापन केलेल्या कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीनें १९८५ सालीं जी ११८ एन. ई. गाडी काढली, तिचें अंग इटालियन फियाटचें व इंजिन जपानी निस्सानचें होतें. त्याच सुमारास मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनें रोव्हरच्या ऐटबाज अंगांत आपलें जुनेंपुराणें व्हॅनगार्डचें इंजिन घातलें. तें लग्न कांहीं टिकलें नाहीं. आणि आपल्याच ह्या महामार्गावर गोव्यांत वेर्णा येथें, विसाव्या शतकाच्या अखेरीस, सॅन स्टॉर्म नांवाची जी दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार तयार झाली, तिचें इंजिनही रेनो कंपनीकडून घेतलेलें होतें. अमेरिकेंत कॅरोल शेल्बी ह्यानें १९६२ सालीं इंग्रजी ए. सी. गाडींत फोर्डचें आठ सिलिंडरांचें इंजिन कोंबून जी कोब्रा निर्माण केली, तिच्या अस्सल प्रतीस आज राजेरजवाड्यांची किंमत येते. कारखान्यानें केलें तर निर्मिति आणि अंगणांत केलें तर भेसळ, हा न्याय मला तरी पटत नाहीं.

ह्या विषयाकडे मी वळलों तो पुस्तकांतून नव्हे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या पेण येथील अंगणांत गेल्या दसऱ्यानंतर अशीच एक एम. जी. ए. उघडण्यांत आली आणि सेवानिवृत्त माणसास वेळेची वाण नसल्यामुळें मीं तें सर्व काम बसून पाहिलें. गाडी १९५७ ची, मुंबईंत नोंदलेली. पुढें ती विद्यार्थ्याच्या मामांकडे रोह्यास आली आणि एके दिवशीं आंतील कनेक्टिंग रॉड तुटून इंजिनाच्या ब्लॉकला बाहेरून दिसेल असें भोंक पडलें. त्यानंतर अनेक पावसाळे ती गोठ्याशेजारच्या पडवींत उभी होती. कोंकणची हवा पोलादाला मानवत नाहीं. तळाच्या फळ्या बोट लावतांच भुगा होत. दारांचें ॲल्युमिनियम मात्र जसेंच्या तसें होतें.

मोटार उघडण्याच्या कामांत हातोड्यापेक्षां वहीचा उपयोग अधिक आहे, हें मला त्या अंगणांत समजलें. पहिल्या दिवशीं एकही बोल्ट काढण्यांत आला नाहीं. प्रत्येक तार, प्रत्येक नळी कोठून कोठें जाते ह्याचीं चित्रें काढण्यांत आलीं, छायाचित्रें घेतलीं आणि तारांना कापडी पट्ट्या बांधून त्यांवर आंकडे घातले. पेण हें गणपतींचें गांव. कारखान्यांतून रंगांचे रिकामे डबे हवे तितके मिळतात. असे चाळीसएक डबे ओळीनें मांडले आणि ज्या भागाचे बोल्ट त्या भागाच्या डब्यांत, अशी शिस्त ठरली. जो माणूस बोल्ट एका परातींत गोळा करतो त्याची गाडी पुन्हा जुळत नाहीं, असें त्या कामावरील वृद्ध मिस्त्री म्हणाला. "गुरुजी, सोडवणं पोरालाबी येतं. ठेवणं येतं त्याला मिस्त्री म्हणायचं," हे त्याचे शब्द.

प्रथम वीज तोडावयाची. ह्या गाडींत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आसनांच्या मागें असतात आणि आजच्या गाड्यांच्या उलट, धन बाजू सांगाड्याला जोडलेली असते. हें ठाऊक नसलेल्या हौशी माणसांनीं पुष्कळ डायनॅमो जाळले आहेत. नंतर पाणी आणि तेल सोडून दिलें. पाणी कसलें, तांबड्या मातीचा गाळच तो. दोघांनीं दोन बाजूंस धरून बॉनेट उचललें व तें घरांत, गाद्यांवर नेऊन ठेवलें. रेडिएटर निघाला, जोडीचे कार्बोरेटर निघाले, धूर जाण्याची ओतीव नळी, डायनॅमो, स्टार्टर हे एकामागून एक निघाले. पाण्याची उष्णता दाखविणाऱ्या कांट्याला एक केसासारखी बारीक तांब्याची नळी असते व तिच्या टोंकाचा फुगा इंजिनाच्या डोक्यांत बसविलेला असतो. ही नळी तोडली कीं कांटा कायमचा मेला, म्हणून एका माणसानें पाऊण तास खपून केवळ तेवढा फुगा सोडविला. धूर जाण्याच्या नळीचे नट मात्र गंजून एकजीव झाले होते. त्यांवर तीन दिवस रॉकेल व डिझेल ह्यांचें मिश्रण घालीत राहिले, मग उष्णता दिली, आणि मगच पाना लावला. घाईनें जोर केला असता तर खुंट्याच तुटल्या असत्या.

एवढें झाल्यावर मुख्य प्रसंग. गिअरबॉक्स गाडींतच ठेवून इंजिन तेवढें काढावयाचें ठरलें होतें. गिअरबॉक्सखालीं जॅक दिला, दोहोंना जोडणारे बोल्ट काढले, इंजिनाच्या रबरी बैठका सुटल्या. घराच्या तुळईस साखळीची कप्पी बांधावी अशी एकाची सूचना होती. ती घरांतील वडील माणसांनीं योग्य कारणानें फेटाळली. इंजिनाचें वजन दीडशे किलोच्या आसपास, आणि तुळई आजोबांच्या काळची. म्हणून लोखंडी नळांची तिवई उभारून तिला कप्पी अडकविण्यांत आली. येथें एक मर्म आहे. गिअरबॉक्समधून पुढें आलेला दांडा क्लचच्या तबकडींत शिरलेला असतो; इंजिन सरळ पुढें ओढून तो दांडा पूर्ण मोकळा झाल्याशिवाय वर उचलावयाचें नसतें. तसें केल्यास सारें वजन त्या दांड्यावर येऊन तो वांकतो. मिस्त्री जमिनीवर पालथा पडून फटींतून पाहात होता व बोटानें खूण करीत होता. बोलण्याची सर्वांना बंदी होती. साखळी कडकड वाजे तेवढाच आवाज. अर्ध्या तासानें तें काळें धूड गाडीच्या नाकावरून पुढें आलें आणि अंगणांत टायरांवर टेकलें. त्याच्या कुशींतील भोंकांतून उन्हाची तिरीप आंत पडली होती.

आतां त्या जागीं काय बसवावयाचें हा प्रश्न. जपानी किंवा आधुनिक इंजिन बसविण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. शक्ति दुप्पट मिळाली असती. परंतु त्याकरितां सांगाडा कापावा लागला असता, आणि एकदां कापलेला सांगाडा पुन्हा पहिला होत नाहीं. विद्यार्थ्यानें कुर्ल्याहून भंगारांत निघालेल्या एका जुन्या ॲम्बॅसॅडरचें १४८९ चें इंजिन आणलें. तें सर्व खोलून धुतलें, धाटावच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या एका कारागिराकडून लेथवरचें काम करून घेतलें, आणि मग जुन्या इंजिनाचे जे अवयव धड होते ते नव्यावर चढविले. पुढची व मागची पाटी, फ्लायव्हील, तेलाचें भांडें, दोन कार्बोरेटर आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे झडपांसह डोकें, हें सर्व एम. जी. चें. ब्लॉक, क्रँक आणि दट्टे ॲम्बॅसॅडरचे. इंग्लंडांत घडलेलें डोकें उत्तरपाड्याच्या धडावर ठेवलें आणि एकूण एक खुंटी आपापल्या भोंकांत उतरली. कोठें कानस लावावी लागली नाहीं. मीं ऑक्सफर्डपासून उत्तरपाड्यापर्यंतची जी वंशावळ आपणांस सांगितली तिचा पुरावा कागदांत शोधण्याची गरज नाहीं. तो त्या खुंट्यांनीं दिला.

परंतु, श्रोतेहो, खुंट्यांचा पुरावा कायद्याला पुरत नाहीं, आणि ह्या विषयांतील खरी अडचण येथेंच आहे.

आपल्या देशांत मोटारींविषयीं पहिला सर्वसाधारण कायदा १९१४ सालीं झाला, दुसरा १९३९ सालीं, आणि तिसरा, जो आज चालू आहे, तो १९८८ सालीं. ह्या कायद्याच्या ५२ व्या कलमांत गाडींत फेरफार करण्याविषयीं नियम आहे. २००० सालच्या दुरुस्तीनंतर त्याचा आशय असा आहे कीं, उत्पादकानें मुळांत ठरविलेल्या तपशिलाशीं विसंगत होईल असा बदल मालकानें गाडींत करूं नये. ९ जानेवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें केरळमधील एका प्रकरणांत हाच अर्थ ठामपणें सांगितला. रस्त्यावरील इतर माणसांच्या जिवाचा विचार केला तर हा नियम योग्यच आहे. दुबळ्या ब्रेकच्या गाडींत दांडगें इंजिन घालून भर बाजारांतून धांवणारे वीर आपण सर्वांनींच पाहिले आहेत. तथापि इंजिन निकामी होणें ही गोष्ट कायद्यानेंही गृहीत धरली असून, दहा किंवा अधिक वाहतुकीच्या गाड्या बाळगणाऱ्यांस त्याच बनावटीचें व त्याच प्रकारचें इंजिन पूर्वपरवानगीशिवाय बसविण्याची मुभा राज्य सरकार देऊं शकतें. इतरांनीं नोंदणी-अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी आणि नव्या इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकांत चढवून घ्यावा.

येथें इतिहासाच्या शिक्षकास मोह पडावा असा प्रश्न उपस्थित होतो. त्याच बनावटीचें आणि त्याच प्रकारचें, म्हणजे काय? प्रकार तर निःसंशय तोच. पण बनावट कोणाची? जुन्या ब्लॉकवर रिव्हेटनें बसविलेली धातूची पट्टी आहे व तिच्यावर ब्रिटिश कारखान्याचा क्रमांक आहे. नव्यावर हिंदुस्थान मोटर्सचा. आराखडा एक, मापें एक, व्यास ७३ मिलिमीटर आणि कांहीं सूक्ष्म अपूर्णांक, धांव ८८.९; परंतु नांवें दोन. घराचे वासे बदलले, कौलें बदललीं, तरी सात-बाराच्या उताऱ्यावर घर आजोबांचेंच राहतें. मोटारीच्या उताऱ्यावर सांगाड्याचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक असे दोन निरनिराळे रकाने आहेत, आणि त्यांपैकीं एक बदलला कीं गाडी तीच कीं दुसरी, हें कोणास तरी ठरवावें लागतें.

दुसरी गुंतागुंत अलीकडची आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें प्राचीन मोटारींच्या नोंदणीचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेल्या, मूळ स्वरूपांत राखलेल्या दुचाकी व चारचाकी खासगी गाड्यांस ह्या नियमांखालीं 'व्ही. ए.' ह्या अक्षरांचा निराळा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीस २०,००० रुपये शुल्क असून ती दहा वर्षें चालते. अशी गाडी रोज बाजारास न्यावयाची नाहीं. प्रदर्शन, मेळावा, दुरुस्ती, इंधन भरणें अशा कारणांपुरती ती रस्त्यावर आणतां येते. नियम चांगला आहे. ह्या वस्तु भंगारांत जाऊं नयेत असें सरकारास प्रथमच वाटलें. मात्र अट अशी आहे कीं सांगाडा, अंग किंवा इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ज्या मिस्त्रींनीं पन्नास वर्षें ह्या गाड्या जिवंत ठेवल्या, त्यांनींच त्या ह्या अटींतून नकळत बाहेर ढकलल्या, असा हा विचित्र योग आहे. इंजिन न बदलतां पडवींत कुजलेली गाडी मूळ स्वरूपाची. आणि बदलून चालविलेली, पुसलेली, जपलेली गाडी मूळ स्वरूपाची नव्हे. आमच्याकडे जिला मूळ स्वरूप म्हणतात तें टंचाईच्या काळांत फार थोड्यांना परवडलें, हें हा नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानांत यावयास हवें होतें, असें माझें मत आहे.

ह्यास्तव पेणच्या त्या अंगणांत एक निर्णय घेण्यांत आला व तो मला शहाणपणाचा वाटला. भोंक पडलेला जुना ब्लॉक भंगारवाल्यास दिलेला नाहीं. ओतीव लोखंडाच्या चिरा थंडपणीं, धातूच्या खुंट्या घालून शिवण्याची एक रीत आहे. तसे कारागीर मुंबईस आहेत, पण ते महाग आहेत आणि विद्यार्थ्याच्या हाताशीं आज तेवढा पैसा नाहीं. म्हणून तो ब्लॉक ग्रीस फांसून, गोणपाटांत गुंडाळून, धातूच्या पट्टीसह रोह्यास मामांच्या भाताच्या कोठींत ठेवण्यांत आला आहे. सांगाड्यास कोठेंही करवत लावलेली नाहीं, एकही नवें भोंक पाडलेलें नाहीं. उद्यां पैसा हातीं आला आणि तो ब्लॉक शिवला गेला, तर ॲम्बॅसॅडरचें धड काढून मूळचें धड दोन दिवसांत परत बसवितां येईल.

तूर्त नवें इंजिन लांकडी घोडीवर तयार आहे. क्लचची तबकडी बरोबर मध्यावर बसावी म्हणून गिअरबॉक्सच्या दांड्याच्या मापाचा शिसवी दांडका गांवांतल्या सुतारानें कातून दिला आहे. मोटारींच्या नोंदणीचें कार्यालय पेण येथेंच आहे, त्यामुळें अर्जासाठीं दूर जावें लागलें नाहीं. अर्जासोबत १९५७ चें नोंदणीपुस्तक, ॲम्बॅसॅडरचें इंजिन विकत घेतल्याची पावती, दोन्ही ब्लॉकवरील क्रमांकांचीं छायाचित्रें आणि दोन्ही इंजिनांच्या मापांचा एक तक्ता जोडला आहे. हा तक्ता मीं माझ्या हस्ताक्षरांत लिहून दिला. परवानगीचा कागद येईपर्यंत इंजिन घोडीवर आणि गाडी ताडपत्रीखालीं राहील.